फेरेटला पाणी बाटलीतून द्यावं की वाटीतून?

उत्तर आधीच सांगून टाकतो. रोजचं पाणी वाटीत द्या आणि बाटली राखीव म्हणून त्याच पिंजऱ्यात टांगून ठेवा. दोन्हींतलं एकच निवडायचं झालं तर वाटी. पण "वाटी ठेवा" एवढं सांगून भागत नाही. फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा छोटा, खोडकर पाळीव प्राणी. तुम्ही ठेवलेली वाटी तो थोड्याच वेळात पालथी घालतो, नाहीतर पुढच्या दोन्ही पायांनी पाणी उपसून खालचं अंथरूण चिंब करतो. बरेच जण इथेच कंटाळून बाटलीकडे वळतात. म्हणून या लेखाचा मोठा भाग वाटी फेरेटच्या तावडीतून वाचवायची कशी, याच कामावर खर्च केला आहे.

किती पाणी लागतं?

कोरडे दाणे खाणाऱ्या फेरेटला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ७५ ते १०० मिलिलिटर पाणी लागतं. मादी बहुधा ६०० ग्रॅम ते १ किलोची असते, नर १ ते २ किलोचा. म्हणजे ८०० ग्रॅमच्या मादीला ६० ते ८० मिलिलिटर आणि दीड किलोच्या नराला ११० ते १५० मिलिलिटर. कच्च्या मांसावर वाढणारा फेरेट याहून बरंच कमी पाणी पितो, कारण मांसात जवळजवळ ७० टक्के पाणीच असतं. कोरड्या दाण्यांत ते १० टक्क्यांच्या आसपास. तुमचा फेरेट मांस खात असेल आणि वाटीकडे फारसा फिरकत नसेल, तर लगेच धास्ती घेऊ नका.

फेरेट पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. त्याचं आतडं आखूड असतं, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. त्यामुळे तो एकदा पोटभर खाऊन स्वस्थ बसत नाही. दिवसरात्र थोडं थोडं खातो आणि त्याच्या आगेमागे पाणी पितो. पाणी मिळेनासं झालं की कोरडं खाणंही आपोआप मंदावतं. मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या फेरेटमध्ये इन्सुलिनोमा, म्हणजे स्वादुपिंडात जास्तीचं इन्सुलिन सोडणाऱ्या गाठी, बऱ्याच आढळतात. असा फेरेट उपाशी राहिला की रक्तातली साखर घसरते. बाटलीची तोटी रात्रभर अडकून राहिली तर गोष्ट कुठवर जाऊ शकते, हे यावरून लक्षात येईल.

बाटली नेमकी कुठे दगा देते

उलटी टांगलेली बाटली हवेच्या दाबावर चालते. वरून बंद असल्यामुळे पाणी आपसूक खाली येत नाही. नळीच्या तोंडाशी धातूचा एक छर्रा असतो. फेरेटने जिभेने तो ढकलला की थोडं पाणी बाहेर येतं आणि त्याच्या जागी हवेचा बुडबुडा वर चढतो. जिभेच्या एका फटक्याला मिळतात ते चार-दोन थेंब. फेरेट मुळात मांजर-कुत्र्यांसारखा डोकं खाली घालून लपलप पितो. बाटलीसमोर त्याला मान वर करून छर्रा चाटत उभं राहावं लागतं. सशांवर झालेल्या प्रयोगांत ससे बाटलीपेक्षा उघड्या भांड्यातून जास्त पाणी प्यायले. ससा आणि फेरेट यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे हे मान्य, पण तहान भागवायला लागणारे कष्ट दोघांनाही टळत नाहीत.

बाटली तीन प्रकारे बिघडते. पहिला प्रकार, छर्रा अडकतो: पाण्यातल्या क्षारांमुळे किंवा तोंडातला खाण्याचा चोथा नळीत गेल्यामुळे. दुसरा, नळीत हवा अडकते आणि बाटली भरलेली असूनही पाणी उतरत नाही. तिसरा याच्या उलट, म्हणजे गळती. खोली तापली की पाण्याच्या वरची हवा प्रसरण पावते आणि पाण्याला खाली रेटते. बाटली जितकी रिकामी तितकी आत हवा जास्त, म्हणून अर्धी बाटली भरलेल्या बाटलीपेक्षा जास्त गळते. दुपारी बाटली रिकामी आणि खालची चादर ओली दिसली, तर फेरेटने सगळं पाणी प्यायलं असं समजू नका.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळाच आहे. बंद पडलेली बाटली आणि चालू बाटली दिसायला अगदी सारख्या असतात. किंबहुना बंद पडलेली जास्त भरलेली असल्यामुळे जास्तच दिलासा देते. वाटी रिकामी झाली तर खोलीच्या दारातून दिसते.

त्यात दातांचा प्रश्न. काही फेरेट पाणी पिताना नळी चावतात, ओढतात, कंटाळा आला की तिच्याशीच कुस्ती खेळतात. धातूवर असं रोज होत राहिलं तर सुळ्याचं टोक झिजतं किंवा तुटतं. तुमच्या फेरेटला अशी सवय असेल तर बाटली राखीव म्हणूनसुद्धा चोवीस तास लावू नये. घराबाहेर जाताना तेवढी लावावी.

बाटलीच्या बाजूनेही बोललं पाहिजे. तिच्यात दाणे, केस, अंथरुणाचे धागे पडत नाहीत, ती सांडत नाही, आणि रेघ मारून ठेवली तर किती पाणी गेलं ते कळतं. राखीव म्हणून ती उत्तम आहे.

पायरी १: भांडं निवडणं

जड चिनी मातीची, किंवा पिंजऱ्याच्या गजाला पेचाने आवळता येणारी स्टेनलेस स्टीलची वाटी घ्या. प्लॅस्टिक नको: ते हलकं असतं, चावलं जातं, आणि त्याच्यावर पडलेल्या बारीक ओरखड्यांत बुळबुळीत थर धरतो तो घासून नीट निघत नाही. चिनी मातीच्या वाटीवरची चकचकीत झिलई अखंड हवी. कड उडालेली किंवा आत तडा गेलेली वाटी टाकून द्या.

आकाराबाबत लोक उगाच सढळ होतात. वाटी जितकी रुंद, तितकं फेरेटला तिच्यात उतरावंसं वाटतं. आठ ते दहा सेंटिमीटर तोंडाची वाटी एका फेरेटला पुरते: त्यात तोंड सहज जातं, पण तोंड आणि दोन्ही पंजे एकदम मावत नाहीत. खोली पाच-सहा सेंटिमीटर असू द्या. सुटी ठेवायची वाटी असेल तर बाजू तळाकडे रुंद होत जाणाऱ्या हव्यात, म्हणजे काठावर पाय दिला तरी ती कलंडत नाही.

आता एक धोक्याची गोष्ट. अनेक वाट्यांच्या बुडाला घसरू नये म्हणून रबराचं कडं असतं. फेरेटला रबर आणि फोम चावायचं जबरदस्त वेड असतं, आणि गिळलेला रबराचा तुकडा आतड्यात अडकणं हे फेरेटवर शस्त्रक्रिया करावी लागण्याचं नेहमीचं कारण आहे. वाटी वापरण्याआधी ते कडं काढून फेका. वाटीखाली सिलिकॉनची चटई घालू नका. विजेवर चालणारी पाण्याची कारंजी मला याच कारणासाठी पटत नाहीत. आत फोमची गाळणी, बाहेर लोंबणारी वायर, आणि घरात दिसेल ते उचकटून बघणारा प्राणी.

पायरी २: जागा

फेरेट कोपऱ्यात मागे मागे सरकत जाऊन शी-शू करतो. म्हणजे पिंजऱ्याचे कोपरे पाण्यासाठी बाद. वाटी एखाद्या बाजूच्या मधोमध, लिटर ट्रेपासून (शी-शूसाठी ठेवलेल्या ट्रेपासून) शक्य तितक्या लांब लावा. वर झोळी किंवा वरच्या मजल्याची शिडी येणार नाही हेही बघा, नाहीतर उतरणारा फेरेट थेट पाण्यात.

खाण्याची वाटी पाण्याला अगदी खेटून ठेवू नका. दाणे पाण्यात पडतात, फुगतात आणि पाणी नासवतात. तरीही दोन्हींत फार अंतर नको, कारण खाऊन झाल्यावर लगेच पाणी दिसलं की ते प्यायलं जातं. दीड-दोन हात पुरेत. पिंजऱ्यावर थेट ऊन पडत असेल तर पाणी तापतं आणि भांड्याच्या आत हिरवं शेवाळं धरतं, बाटलीत तर विशेष.

एकाहून जास्त फेरेट असतील तर पाण्याच्या जागाही एकाहून जास्त करा. दांडगट फेरेट वाटी अडवून बसतो आणि गरीब बिचारा बाजूला थांबतो, हे रात्री घडत असल्याने आपल्याला दिसतही नाही.

पायरी ३: वाटी बसवणं

पेचाची वाटी फेरेटच्या छातीच्या उंचीला बांधा. जमिनीलगत बसवली तर तो तिच्यात खणतो; फार वर नेली तर पुन्हा मान ताणून पिणं आलं. जमिनीपासून पाच ते आठ सेंटिमीटरवर तळ येईल अशी सुरुवात करा आणि तो चारही पाय टेकून आरामात पितो का ते पाहून वरखाली करा. म्हाताऱ्या किंवा मागच्या पायांत अशक्तपणा आलेल्या फेरेटसाठी ती खालीच ठेवा.

पेच आवळल्यावर वाटी हाताने जोरात हलवून बघा, वर उचलूनही बघा. काही वाट्या गजाला आवळलेल्या कड्यात नुसत्या ठेवलेल्या असतात आणि फेरेट खालून नाकाने ढोसून त्या बाहेर काढतो. अशी असेल तर कड्यात फिरवून अडकवायची वाटी घ्या. वाटी फक्त निम्मी भरा आणि दिवसातून दोनदा बदला. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे फेरेटला दिलेलं आमंत्रण.

पायरी ४: राखीव बाटली

नळी स्टीलची हवी. काचेची बाटली धुवायला सोपी आणि चावली जात नाही. प्लॅस्टिकची असेल तर ती पिंजऱ्याच्या बाहेरच्या अंगाला लावून फक्त नळी आत घ्या. नळीचं टोक फेरेटच्या डोक्याच्या उंचीवर, किंचित खाली झुकलेलं असू द्या. बाटली पूर्ण भरून, उलटी करून, थेंब गळायचे थांबेपर्यंत बेसिनवर धरा आणि मगच टांगा.

रोज सकाळ-संध्याकाळ बोटाने छर्रा दाबून पाहायचा. बोट ओलं झालं पाहिजे आणि आत बुडबुडा वर जाताना दिसला पाहिजे. दोन्हींपैकी एक झालं नाही तर बाटली लगेच काढा. नुसती नजर टाकून पुढे जाण्यात काही अर्थ नाही, ते वर सांगितलंच आहे.

पायरी ५: सवय बदलणं

लहानपणापासून बाटलीवर वाढलेल्या फेरेटला वाटी म्हणजे पाणी हे सुचत नाही असं नाही. बहुतेकांना ते पहिल्याच दिवशी कळतं. तरी बाटली एकदम काढू नका. वाटी बाटलीच्या शेजारी लावा, दोन्ही भरलेल्या ठेवा आणि आठवडाभर नुसतं पाहा. बाटलीची पातळी उतरायची मंदावली आणि वाटीची उतरू लागली की हळूहळू बाटली लांबच्या बाजूला न्या.

वाटीत नाकच घालत नसेल तर झोपेतून उठल्यावरची वेळ साधा. फेरेट दिवसातले १४ ते १८ तास झोपतो, आणि उठला की आधी शू, मग खाणं-पिणं. त्या वेळी बोट पाण्यात बुडवून त्याला चाटू द्या, मग बोट वाटीपर्यंत न्या. त्याचं तोंड धरून पाण्यात घालू नका. नाकात पाणी गेलं की तो ती वाटी कायमची टाळेल.

उलटा प्रवासही करावा लागतो. वाटीवरच्या फेरेटला राखीव बाटली ओळखीची हवी, नाहीतर गरजेच्या दिवशी ती शोभेची ठरते. टोकाला त्याला आवडणाऱ्या माशाच्या तेलाचा एक थेंब लावा. चाटता चाटता छर्रा हलतो आणि पाणी येतं. पुढच्या वेळी तेल नको. नळीत तेल साचलं तर ते खवट होतं.

पायरी ६: खणणाऱ्याचं काय करायचं

सगळे उपाय करूनही काही फेरेट पाणी उपसतातच. ताजं पाणी ओतल्या ओतल्या तोंड बुडवून बुडबुडे काढणं, मग पंजे. यात रागावून उपयोग नाही. तो पाण्याशी खेळतो आहे, तेव्हा खेळायला दुसरं पाणी द्या. पिंजऱ्याबाहेर मोकळं सोडल्यावर एका पसरट ट्रेमध्ये दोन बोटं खोल कोमट पाणी आणि त्यात दोन-चार मोठे चेंडू ठेवा, इतके मोठे की गिळता येणार नाहीत. तिथे हौस फिटली की पिंजऱ्यातल्या वाटीवरचा हल्ला बराच कमी होतो. ट्रेजवळून हलू नका आणि खेळ झाला की त्याला पुसून कोरडं करा.

पाणी बदलायची वेळही हलवता येते. तो जागा आणि मस्तीत असताना वाटी भरू नका. तो झोपल्यावर भरा. उठेपर्यंत ते पाणी जुनं झालेलं असतं आणि त्यातली गंमत गेलेली असते.

एवढ्यानंतरही रोज रात्री अंथरूण भिजत असेल, तर रात्रीपुरती दोन बाटल्या आणि दिवसा तुमच्या नजरेसमोर वाटी, अशी वाटणी करा. दोन बाटल्या अशासाठी की एक अडकली तरी दुसरी असते. ओल्या अंथरुणात रात्र काढण्यापेक्षा हे बरं.

पायरी ७: मोजणं

हे कोणी करत नाही आणि सगळ्यांत उपयोगी हेच आहे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. भरलेली वाटी संध्याकाळी तोला, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तोला. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, हिशोब सोपा. मधे पाणी बदलत असाल तर काढलेलं आणि घातलेलं दोन्ही तोलावं लागेल. हवेत उडून जाणारं पाणी वजा करायला तशीच दुसरी वाटी पिंजऱ्याबाहेर, पण त्याच खोलीत ठेवा. तिचं जेवढं वजन घटलं तेवढं पहिल्यातून कमी करा. बाटलीत गेलेलं पाणी मिळवा. उपसाउपशीचा दिवस मोजणीतून सोडून द्या.

फेरेट धडधाकट असताना आठवडाभर असे आकडे वहीत लिहून ठेवा. पुस्तकातल्या सरासरीपेक्षा तुमच्या फेरेटची ही स्वतःची सरासरी जास्त कामाची, कारण आजारात बघायचं असतं ते हिच्यात झालेला बदल. त्यानंतर महिन्यातून दोन-तीन दिवस मोजलं तरी चालतं. एका पिंजऱ्यात अनेक जण असतील तर फक्त बेरीज मिळेल; कोणाबद्दल शंका आली तर त्याला एक दिवस वेगळं ठेवा.

पायरी ८: सफाई

वाटी रोज साबण आणि गरम पाण्याने घासा. नुसतं विसळणं पुरत नाही. बोट आतून फिरवल्यावर बुळबुळ लागली तर ती जंतूंची साय आहे. बाटली दर एक-दोन दिवसांनी ब्रशने, आणि नळी आतून बारीक ब्रशने. आठवड्यातून एकदा नळी निम्मं पाणी आणि निम्मं पांढरं व्हिनेगर यांत अर्धा तास बुडवा म्हणजे छर्ऱ्यावरचे क्षार सुटतात. मग वास जाईपर्यंत धुवा. व्हिनेगरचा वास असलेल्या पाण्याला फेरेट तोंड लावणार नाही.

पाण्यात जीवनसत्त्वं, औषधं, गोडी काहीही मिसळू नका. चव बदलली की पिणं घटतं, आणि नेमकं किती औषध पोटात गेलं हे कोणालाच सांगता येत नाही. औषध तोंडावाटे वेगळं द्यायचं.

उन्हाळा, थंडी, प्रवास

फेरेटला घाम गाळून अंग थंड करता येत नाही. २७-२८ अंशांच्या वर त्याला उकाडा बाधायला लागतो. अशा दिवसांत वाटी दोन ठेवा आणि एकीत बर्फाचा खडा टाका. बाटलीवर विसंबू नका, गळतीचं कारण वर आलंच आहे. कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या खुराड्यात प्रकार उलटा असतो: बाटलीतलं पाणी पातळ दिसतं पण धातूच्या नळीचं टोक आधी गोठतं. वाटीवरचा बर्फ निदान दिसतो आणि फोडता येतो. प्रवासात वाटी सांडते आणि हादऱ्यांनी बाटली गळते, म्हणून पेटी कोरडी ठेवा आणि दर एक-दोन तासांनी थांबून वाटीत पाणी पुढे करा.

पिल्लं, म्हातारे आणि आजारी

पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली की मऊ खाणं चाटू लागतात. त्यांना अगदी उथळ बशी द्या, खोल वाटी नाही. आजारी फेरेट बाटलीपर्यंत चालत जाईल ही अपेक्षाच धरू नका. झोपायच्या जागेपासून हातभर अंतरावर जड, उथळ वाटी ठेवा. दाणे कोमट पाण्यात भिजवून दिले तर खाण्यातूनच पाणी जातं. दूध नको, त्याने जुलाब होतात आणि होतं ते पाणीही जातं.

शरीरातलं पाणी कमी झालंय का हे पाहायला मानेची कातडी चिमटीत धरून बघायची पद्धत फेरेटवर फसवी ठरते, कारण तिथली कातडी जाड आणि सैल असते. त्यापेक्षा हिरड्यांवर बोट लावा: निरोगी हिरडी ओली आणि निसरडी लागते, पाणी कमी झालेली चिकट लागते. डोळे खोल गेलेले, अंग ढिलं पडलेलं, शू गडद आणि थोडी, ही पुढची लक्षणं. दिवसभरात पाणी आणि खाणं दोन्ही टाकलं, किंवा उलट्या-जुलाब सुरू असताना पाणी पोटात टिकत नसलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या. पिणं अचानक वाढणंही तितकंच बोलकं असतं. म्हाताऱ्या फेरेटमध्ये मूत्रपिंडाचा आजार असा उघड होतो. आणि नर लिटर ट्रेमध्ये वारंवार जाऊन कुंथतोय पण थेंबही येत नाही, असं दिसलं तर त्याच तासाला निघा. मूत्रमार्गात खडा किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या (मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीच्या) आजाराने सुजलेली प्रोस्टेट, म्हणजे मूत्रमार्गाभोवतीची नराची ग्रंथी, ही त्याची नेहमीची कारणं आहेत, आणि तुंबलेली लघवी जीव घेते. जाताना पाण्याच्या आकड्यांची वही बरोबर घ्या. "नेहमीपेक्षा कमी पितोय" यापेक्षा "रोजचे ७० मिलिलिटर, परवापासून ३०" हे डॉक्टरांना जास्त सांगून जातं.